जिंकला कोण, हे ठरवायचे कसे?

कोणताही खेळ संपला की सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, ‘कोण जिंकले?’ उत्तर मिळाले की आपण गुलाल उधळीत नाहीतर मान खाली घालून घरी जातो. पण या प्रश्नामागे आणखी एक प्रश्न उभा असतो, आणि त्याच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. जिंकले हे ठरवले कोणी? आणि कशावरून? या दुसऱ्या प्रश्नाचाही एक इतिहास आहे. तो राजेरजवाड्यांच्या इतिहासाइतका मोठा नसेल, पण शाळेच्या पटांगणावर शिट्टी घेऊन उभे राहणाऱ्या शिक्षकांना आणि जत्रेच्या आखाड्यात पंच म्हणून बसणाऱ्या वडीलधाऱ्यांना तो रोज उपयोगी पडणारा आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. निकाल लागतो तो वरवर पाहता जिंकणाऱ्यासाठी, पण निकालाची खरी गरज असते हरणाऱ्याला. जिंकणारा काहीच विचारीत नाही. त्याच्या गळ्यात हार पडला की त्याचे काम झाले. ‘मी का हरलो?’ हे विचारतो तो हरणारा. त्याला पटेल असे उत्तर ज्या खेळाजवळ आहे, तो खेळ टिकतो. हे उत्तर शोधण्यासाठी माणसाने अडीच हजार वर्षे किती खटाटोप केला, तेच आज पाहू.

प्रथम थोडी वर्गवारी करू. सोयीसाठी खेळांचे तीन गट पाडता येतील : मापाचे, मोजणीचे आणि मताचे. धावणे, उडी मारणे, गोळा फेकणे हे मापाचे खेळ. तिथे घड्याळ किंवा टेप बोलते. हुतूतू, खोखो, क्रिकेट, फुटबॉल हे मोजणीचे खेळ. तिथे गडी, धावा, गोल मोजायचे. मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्स हे मताचे खेळ. तिथे पंचांनी पाहायचे, तोलायचे आणि गुण द्यायचे. यातही जास्त ते सरस असेच काही नाही. उडीत जास्त लांबी हवी, धावण्यात कमी वेळ हवा. आणि रस्सीखेचीत तर जो मागे सरकतो तोच जिंकतो! म्हणजे पाहा, ‘जिंकणे’ ही काही आभाळातून पडलेली गोष्ट नाही. प्रत्येक खेळात माणसांनी एकत्र बसून, ‘आपण याला जिंकणे म्हणू’ असे ठरवले आहे.

आता इतिहासाकडे वळू. ग्रीस देशात ऑलिंपिया नावाचे देवस्थान होते. तिथे इ. स. पूर्व ७७६ पासून दर चार वर्षांनी सामने भरत, असे परंपरा सांगते. मुख्य शर्यत एका ‘स्टेड’ची, म्हणजे आजच्या मापाने सुमारे १९२ मीटरांची. घड्याळ नव्हते, टेप नव्हती. मान मिळे तो फक्त पहिल्याला, ऑलिव्हच्या पानांचा मुकुट. दुसऱ्याला आणि तिसऱ्याला काहीही नाही. तेव्हा पहिला कोण, एवढे अचूक सांगणे हेच पंचांचे काम. हे पंच एलिस नावाच्या राज्यातून निवडले जात आणि सामन्यांपूर्वी दहा महिने त्यांना नियमांचे शिक्षण दिले जाई. पंचाला शिकवावे लागते ही गोष्ट त्या लोकांना तेव्हाच कळली होती.

आणि तरीसुद्धा घोटाळा झालाच. इ. स. पूर्व ३९६ ची गोष्ट. शर्यत संपली. तीन पंच होते. दोघांनी सांगितले, ‘एलिसचा युपोलेमस पहिला.’ तिसऱ्याने सांगितले, ‘नाही, अँब्रेशियाचा लिऑन पहिला.’ दोन विरुद्ध एक. मुकुट युपोलेमसला मिळाला. आता गंमत पाहा. पंच एलिसचे आणि विजेताही एलिसचाच! लिऑन गप्प बसला नाही. त्याने ऑलिंपियाच्या सभेकडे दाद मागितली आणि सभेने त्या दोन पंचांना दंड केला. पण मुकुट काही परत आला नाही. विजेत्यांच्या यादीत नाव राहिले ते युपोलेमसचेच. पॉसेनिअस नावाच्या ग्रीक प्रवाशाने ही हकीकत लिहून ठेवली, म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली. पंचांचे मत शेवटचे मानायचे, पण पंच चुकला तर त्यालाही जाब विचारायचा, ही दुहेरी रीत इतकी जुनी आहे.

शर्यतीत डोळा फसतो हे ठीक. पण कुस्तीत तर फसायला जागा नसावी, असे तुम्हांला वाटेल. आपल्या आखाड्यातला न्याय साधा आहे. प्रतिस्पर्ध्याला अस्मान दाखवा, त्याचे दोन्ही खांदे मातीला टेकवा, झाली कुस्ती निकाली. इथे माप नको, मोजणी नको. हरणाऱ्याच्या पाठीला लागलेली लाल माती हाच पुरावा, आणि तो त्याला स्वतःलाच जाणवतो. म्हणूनच चीतपट कुस्तीला आपल्याकडे जो मान आहे तो दुसऱ्या कोणत्याही निकालाला नाही.

पण चीतपट झालीच नाही तर? त्याची दोन उदाहरणे सांगतो. १९१० साली आपल्या देशाचा नामांकित मल्ल गामा लंडनला गेला. १० सप्टेंबरला त्याची जोड लागली पोलंडच्या झिबिस्को या बलदंड मल्लाशी. झिबिस्कोने गामाचे पाणी ओळखले आणि तो चटईवर पालथा पडून राहिला. उठेना, लढेना. असे थोडेथोडके नव्हे, अडीच तासांहून अधिक वेळ चालले. शेवटी कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली. पुढच्या शनिवारी पुन्हा कुस्ती ठरली, तर झिबिस्को आलाच नाही आणि पट्टा गामाला मिळाला. पण न लढता मिळालेल्या पट्ट्याने कोणाचे समाधान होणार? ते झाले अठरा वर्षांनी. १९२८ च्या जानेवारीत पतियाळाला दोघे पुन्हा समोरासमोर आले आणि गामाने एक मिनिटही न लावता झिबिस्कोला चीत केले. मग कोणाला काही विचारायचे उरले नाही.

दुसरे उदाहरण १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकचे. तिथे ग्रीको-रोमन कुस्तीत फिनलंडचा असिकाइनेन आणि रशियाच्या बाजूने उतरलेला एस्टोनियाचा मार्टिन क्लाइन यांची कुस्ती ११ तास ४० मिनिटे चालली. अखेर क्लाइन जिंकला खरा, पण इतका थकला की पुढच्या कुस्तीला उभाच राहू शकला नाही. सुवर्णपदक मिळाले ते त्याच्याशी न लढलेल्या स्वीडनच्या योहान्सनला. त्याच सामन्यांत दुसऱ्या एका वजनगटाच्या शेवटच्या कुस्तीत स्वीडनचा आल्ग्रेन आणि फिनलंडचा ब्योलिंग नऊ तास झुंजले. कोणीच पडेना. पंचांनी कुस्ती सोडवली आणि दोघांनाही रौप्यपदक दिले. सुवर्ण कोणालाच नाही! का, तर सुवर्णासाठी प्रतिस्पर्ध्याला हरवलेच पाहिजे, असा नियम होता.

यावर माणसाने काय उपाय काढला? कुस्तीला वेळेची मर्यादा घातली आणि गुण मोजायला सुरुवात केली. आज आंतरराष्ट्रीय कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते. ताबा घेतला की गुण, पाठ चटईकडे वळवली की गुण, रिंगणाबाहेर ढकलले की गुण. झिबिस्कोसारखा नुसता पडून राहील त्याला ताकीद. चीतपट झाली तर खेळ तिथेच संपतो, तो मान अजून आहे. नाही झाली तर गुणांची बेरीज. आणि गुणही सारखे झाले, तर कोणाचा डाव मोठ्या गुणांचा होता, कोणाला ताकीद कमी मिळाली, शेवटचा गुण कोणी घेतला, हे क्रमाने पाहतात. थोडक्यात, जो खेळ नुसत्या निकालाचा होता तो मोजणीचा झाला आणि थोडा मताचाही झाला.

या बदलाची झळ आपल्या माणसाला कशी लागली तेही ऐका. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे नाव महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? १९४८ साली लंडनला ते सहावे आले. मातीत वाढलेला मल्ल तिथे चटईवर, गुणांच्या कुस्तीत उतरला होता. पुढे १९५२ च्या ऑलिंपिकसाठी निवड व्हायची होती. त्या वेळी मद्रासच्या स्पर्धेत ते एका गुणाने मागे पडले. हा एक गुण पक्षपाताने कापला गेला, असे त्यांचे म्हणणे होते. लिऑनप्रमाणे तेही गप्प बसले नाहीत. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावली गेली आणि या वेळी त्यांनी प्रतिस्पर्ध्याला सरळ चीत केले. गुणांवर वाद घालता येतो, चीतपटीवर येत नाही!

हेलसिंकीला त्या काळी ‘वाईट गुणां’ची पद्धत होती. चीतपट करून जिंकलात तर वाईट गुण नाही. त्याहून कमी प्रतीचा निकाल लागला, जिंकलात तरीही, की वाईट गुण खात्यावर जमा. असे पाच झाले की गडी बाद. शेवटी उरलेल्या दोघातिघांत पदकांचा क्रम लागायचा. अशा त्या चाळणीतून खाशाबा शेवटच्या तिघांत पोचले. जपानच्या इशीने सुवर्ण घेतले, सोव्हिएत रशियाच्या मामेदबेकोव्हने रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. एका दमछाक करणाऱ्या कुस्तीनंतर त्यांना विश्रांती न देता लगेच पुढच्या कुस्तीला उतरवले गेले आणि त्यांच्या बाजूने बोलायला आपला अधिकारी जवळ नव्हता, असे त्यांच्याबद्दल नेहमी सांगितले जाते. नियम पुस्तकात असून भागत नाही. तो ऐन वेळी बोलून दाखवणारा कोणीतरी लागतो.

आणि अगदी अलीकडची गोष्ट. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागात पंचांनी चीतपट दिली. ज्याच्याविरुद्ध दिली त्या मल्लाचे म्हणणे, खांदे टेकलेच नव्हते. रागाच्या भरात त्याने पंचांना लाथ मारली आणि त्याच्यावर बंदी आली. लाथ मारणे चूकच, त्याबद्दल दुमत नाही. पण ज्या चीतपटीला आपण सर्वांत निर्विवाद निकाल म्हणतो, तिच्यावरही पाहणाऱ्या डोळ्याची सावली पडतेच, हे त्यातून दिसले.

मग डोळ्यावर भरवसा नको, यंत्रावर ठेवू, असे कोणी म्हणेल. तेही करून पाहिले गेले. १९६० चे रोम ऑलिंपिक घ्या. पोहण्याची १०० मीटरची शर्यत. ऑस्ट्रेलियाचा डेव्हिट आणि अमेरिकेचा लार्सन जवळजवळ एकदमच भिंतीला पोचले. डेव्हिटवर नेमलेल्या तिघा वेळाधिकाऱ्यांच्या घड्याळांत ५५.२ सेकंद. लार्सनवरच्या तिघांच्या घड्याळांत ५५.०, ५५.१ आणि ५५.१. म्हणजे घड्याळांप्रमाणे लार्सन पुढे. पण निकाल द्यायचे काम होते डोळ्यांनी पाहणाऱ्या पंचांचे. पहिला कोण हे पाहणाऱ्या तिघांपैकी दोघे म्हणाले डेव्हिट. दुसरा कोण हे पाहणाऱ्या तिघांपैकी दोघांच्या मतेही दुसरा आला तो डेव्हिटच! म्हणजे मते तीन-तीन. शेवटी मुख्य पंचाने आपले मत डेव्हिटच्या पारड्यात टाकले, सुवर्ण त्याला दिले आणि लार्सनची वेळही ५५.२ अशी बदलून लिहिली गेली. अमेरिकेने पुढे चार वर्षे तक्रार चालवली, उपयोग झाला नाही. लिऑनची आठवण होते की नाही? साडेतेवीसशे वर्षे लोटली, पण पेच तोच.

त्याच रोममध्ये, त्याच पंधरवड्यात, धावपट्टीवर काय झाले पाहा. ४०० मीटरची शेवटची शर्यत, ज्यात आपला मिल्खासिंग धावला. अमेरिकेचा डेव्हिस आणि जर्मनीचा काउफमान या दोघांचीही हातातल्या घड्याळावर वेळ एकच, ४४.९ सेकंद. पण इथे अंतिम रेषेवर कॅमेरा लावला होता. छायाचित्र पाहून डेव्हिसला पहिला ठरवले आणि वाद झाला नाही. मिल्खासिंग ४५.६ सेकंदांत चौथा आला. तिसऱ्यापेक्षा फक्त सेकंदाचा दहावा भाग मागे.

हा कॅमेरा कसा काम करतो हे मुलांना सांगण्यासारखे आहे. तो सगळे मैदान टिपत नाही. एका बारीक फटीतून तो फक्त अंतिम रेषा पाहतो, आणि त्या रेषेवरून क्षणाक्षणाला जे जे पुढे जाते ते एकापुढे एक जोडून लांबलचक चित्र बनवतो. त्या चित्रात डावी-उजवीकडे अंतर नसते, वेळ असतो. आणि पाहायचे काय, तर धड. हात, पाय, डोके पुढे गेले त्याला किंमत नाही. ज्याचे धड रेषेवर आधी आले तो पुढे. केरळची पी. टी. उषा १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ५५.४२ सेकंदांत पोचली. रुमानियाच्या कोजोकारूची वेळ होती ५५.४१. सेकंदाच्या शंभराव्या भागाने उषाचे कांस्यपदक गेले. साऱ्या देशाला हळहळ वाटली. पण ‘आमच्यावर अन्याय झाला’ असे कोणी म्हणाले नाही. दुःख झाले, तक्रार झाली नाही. चांगल्या निकालाची हीच खूण.

पण यंत्र जितके बारीक, तितका न्याय मोठा असेही नाही. १९७२ साली म्युनिकला पोहण्याच्या ४०० मीटर मिश्र शर्यतीत स्वीडनचा लार्सन आणि अमेरिकेचा मॅकी यांची वेळ शंभराव्या भागापर्यंत सारखीच भरली, ४ मिनिटे ३१.९८ सेकंद. मग यंत्राचा हजारावा भाग पाहिला. ३१.९८१ आणि ३१.९८३. सुवर्ण लार्सनला. शिक्षक मंडळी, हा हिशेब वर्गात घालून पाहा. चारशे मीटर सुमारे २७२ सेकंदांत म्हणजे सेकंदाला दीड मीटरच्या आतबाहेर. सेकंदाच्या दोन हजारांशात पोहणारा किती पुढे जाईल? सुमारे तीन मिलिमीटर! आता तलावाची भिंत बांधणारा गवंडी कितीही हुशार असला, तरी प्रत्येक पट्टा एकमेकांशी तीन मिलिमीटरच्या आत जुळेल अशी खात्री कोण देणार? जिथे तलावच तितका नेमका नाही, तिथे घड्याळाच्या नेमकेपणाला अर्थ काय? म्हणून पुढे पोहण्यात शंभराव्या भागावरच थांबायचे ठरले. तिथे बरोबरी झाली तर बरोबरीच. २०१६ साली रिओला १०० मीटर बटरफ्लाय शर्यतीत तिघांची वेळ ५१.१४ भरली आणि तिघांनाही रौप्यपदक दिले गेले. माणसाने यंत्राला सांगितले, ‘तुला याहून बारीक दिसत असेल, पण आम्हांला ते नको.’

परदेशच्या गोष्टी पुष्कळ झाल्या. आता आपल्या मातीतला हुतूतू घ्या. त्याचे नियम पूर्वी गावोगाव निराळे. हे नियम एका साच्यात बसवण्याचे काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पुण्याबडोद्याकडच्या व्यायामप्रेमी मंडळींनी हाती घेतले. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली नियम छापले आणि सामने भरवले. पण त्याआधी आणि नंतरही या एकाच खेळाचे तीन प्रकार चालत, आणि फरक होता तो नेमका जिंकण्याच्या रीतीचा.

संजीवनी प्रकारात समोरचा गडी बाद केला की आपला बाद झालेला गडी जिवंत होऊन आत येतो. गेमिनी प्रकारात मेलेला गडी मेला. सगळा संघ बाद होईपर्यंत तो बाहेर, आणि सगळा संघ बाद केला की एक गुण. अमर प्रकारात कोणी बाहेर जातच नाही. गडी बाद झाला की गुण लिहायचा आणि त्याने खेळत राहायचे. आता विचार करा. गेमिनीत बिचारा कच्चा गडी पहिल्याच चढाईत बाद होऊन सबंध डाव बाहेर बसणार. अमर प्रकारात तो शेवटपर्यंत खेळणार, पण बाद होण्याचा धाक कमी. संजीवनीत धाकही आहे आणि परत येण्याची आशाही आहे. आजच्या कबड्डीने संजीवनीची वाट धरली. जिंकणारा कसा ठरवायचा, यावर कोण किती वेळ मैदानात राहणार हे अवलंबून असते. शाळेत खेळ घेताना हे विसरू नये.

राहता राहिला सर्वांत नाजूक प्रश्न : बरोबरी झाली तर? १९६८ च्या युरोपीय फुटबॉल स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत रशिया यांचा उपांत्य सामना नेपल्सला झाला. जादा वेळ देऊनही गोल होईना. शेवटी नाणे उडवले. छापकाट्यावर इटली अंतिम सामन्यात गेली आणि पुढे तीच विजेती ठरली. दोन तास धावलेल्या बावीस खेळाडूंचे भवितव्य एका नाण्यावर! यावर पुष्कळ टीका झाली आणि १९७० पासून पेनल्टी किकांनी बरोबरी सोडवायची पद्धत आली. तीही कोणाला फारशी आवडत नाही, पण निदान तिथे चेंडू असतो आणि पाय असतो.

२०१९ साली लॉर्ड्सवर क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. इंग्लंड आणि न्यूझीलंड दोघांच्याही २४१ धावा. मग एकेक जादा षटक, त्यातही दोघांच्या पंधरा-पंधरा. तेव्हा नियमाप्रमाणे चौकार-षटकार मोजले. इंग्लंडचे २६, न्यूझीलंडचे १७. चषक इंग्लंडला. नियम आधीच छापलेला होता, म्हणून न्यूझीलंडच्या कर्णधाराने, केन विल्यमसनने, तक्रार केली नाही. पण जगभर लोकांना तो निकाल खटकला. क्रिकेटमध्ये धाव ती धाव. ती सीमेपार चेंडू धाडून काढली काय आणि पळून काढली काय, सारखीच. मग ऐन वेळी पळून काढलेल्या धावांची किंमत कमी का व्हावी? त्याच वर्षी ऑक्टोबरात नियम बदलला. बरोबरी सुटेपर्यंत जादा षटके खेळवायची, असे ठरले.

आता आपल्या खोखोकडे पाहा. तिथे बरोबरी सोडवण्याची एक जुनी तोड आहे, लघुत्तम आक्रमण. दोन्ही संघांना पुन्हा पाठलागाची संधी द्यायची आणि पहिला गडी टिपायला कोणाला कमी वेळ लागला ते पाहायचे. म्हणजे बरोबरी सुटते तीही पाठलाग आणि हुलकावणी यांच्याच जोरावर. खेळ बदलत नाही, फक्त आखूड होतो. बरोबरी सोडवण्याची रीत खेळाच्या जातीची असावी. नाण्याला पळता येत नाही!

आणि कधी कधी बरोबरी न सोडवणे हाही न्यायच असतो. २०२१ मध्ये टोकिओला उंच उडीत कतारचा बर्शिम आणि इटलीचा तांबेरी दोघेही २.३७ मीटरवर थांबले. आधीच्या चुकलेल्या उड्याही सारख्याच. अधिकारी म्हणाले, आणखी उड्या घेऊन निकाल लावू. बर्शिमने विचारले, दोन सुवर्णपदके मिळू शकतात का? नियमात ती सोय होती. दोघांनी एकमेकांना मिठी मारली. १९१२ साली नऊ तास झुंजलेल्या दोन मल्लांना एकही सुवर्ण न देणारा नियम कुठे आणि दोघांना दोन सुवर्णपदके देणारा हा नियम कुठे! मधल्या १०९ वर्षांत माणूस काही शिकला म्हणायचा.

तर श्रोतेहो, या सगळ्याचे तात्पर्य काय घ्यायचे? शिक्षकांनी आणि गावच्या पंचांनी तीन गोष्टी गाठीला बांधाव्या. पहिली, जिंकणे कशाला म्हणायचे आणि बरोबरी झाली तर काय करायचे, हे शिट्टी वाजण्यापूर्वी सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगावे. धावायला उभ्या राहिलेल्या मुलांना ‘छाती रेषेवर आली पाहिजे’ एवढे जरी आधी सांगितले, तरी निम्मी भांडणे मिटतात. दुसरी, पंच शक्यतो दोन्ही बाजूंच्या बाहेरचा असावा. एलिसच्या पंचाने एलिसच्या धावपटूला मुकुट दिला, तो कदाचित खराही असेल, पण लिऑनला तो कधी पटला नाही. आणि तिसरी, हरणाऱ्याला विचारायला जागा ठेवावी. त्याने शांतपणे विचारावे, पंचाने शांतपणे सांगावे. जिथे विचारायची सोय नसते, तिथे लाथ उगारली जाते.

माप अचूक असावे, मोजणी चोख असावी, मत निःपक्षपाती असावे. तरीही कधीतरी चूक होणारच, कारण पाहणारे डोळे माणसाचे आहेत. अशा वेळी खेळ वाचतो तो हरणाऱ्या गड्याच्या मोठेपणामुळे. कुस्ती संपल्यावर उठून आधी जिंकणाऱ्याशी आणि मग पंचांशी हात मिळवणारा पोर तुमच्या आखाड्यात दिसला, तर त्याच्याही पाठीवर थाप मारायला विसरू नका. पुढच्या वर्षीची कुस्ती त्याच्याच जिवावर लागणार आहे.